नऊ वाजायची वाट

कायानीत डिसेंबरात तीनलाच अंधार पडतो,
त्यामुळे सव्वाआठ म्हणजे काही फार रात्र वाटत नाही.
बर्फावरून घसरगाडी ओढत निघालो आम्ही तिघं.
दोरी माझ्या हातात,
पुढे वेइक्का, नाकापर्यंत मफलर,
मागे हिल्ला, मांडीवर रिकाम्या बाटल्यांची पिशवी
इतकी जपून धरलेली, जणू आत कोंबडीची पिल्लं आहेत.
मोटार सप्टेंबरात विकली. पेट्रोल वाचतं.

पोरांना जेवू घालूनच निघतो मी.
उपाशी पोर दुकानात नेणं
म्हणजे बोक्याचं अंथरूण शिंक्याखाली घालणं.
हे मला दोनदा कळलं, दोन्ही वेळा महागात.

दाराशी बाटल्या परत घेणारं यंत्र.
त्याच्या गोल तोंडात वेइक्का एकेक बाटली भरवतो,
"आ कर," म्हणतो, साईया त्याला म्हणते तसं.
सात मोठ्या बाटल्या, नऊ डबे.
दहावा चेपलेला होता, यंत्रानं तो थुंकून टाकला.
"आवडला नाही त्याला," वेइक्का म्हणाला.
चिठ्ठी आली, चार युरो पंधरा सेंट.
हिल्लानं ती हातमोज्यात सरकवली.
त्यातला एक युरो उद्याच्या खाऊचा;
शनिवार हा गोळ्यांचा वार, बाकी सहा दिवस कडक उपवास.

आता खरं काम: थांबणं.
लाल चिकटपट्टीच्या मालावर नऊपर्यंत तीस टक्के सूट,
नऊनंतर साठ.
साल्मनचा तुकडा, खिमा, दोन सॉसेजची पाकिटं
टोपलीत घेऊन मी पोरांना बल्बांच्या रांगेत फिरवतो.
तिथे खाण्यासारखं काही नाही.
आणखी एक म्हातारा तिथेच उभा, टोपलीत तसलाच खिमा,
बल्बाच्या खोक्यावरचा मजकूर
परीक्षेला बसल्यासारखा वाचत.
आम्ही एकमेकांना ओळखतो.
आम्ही एकमेकांकडे पाहत नाही.

"साडेसहाचा साल्मन दोन साठला," हिल्ला पुटपुटते,
"अडीचचं सॉसेज एकला, दोन पाकिटं, म्हणजे दोन..."
आठ वर्षांची आहे.
तिच्या वयात मी हॉकीच्या गोलांशिवाय काही मोजलं नव्हतं.

नऊ वाजून दोन मिनिटांनी गल्ल्यावर गेलो.
लगेच जायचं नाही, बरं दिसत नाही.
मार्केत्ताबाईंनी एक सॉसेज पुढे केलं, दुसरं उचललं,
उलटंपालटं केलं.
"याला पट्टी नाही. पूर्ण पैसे पडतील."
हिल्लाचे ओठ थांबले, सगळा हिशेब तोंडात अडकला.
होती, मी म्हणालो. होती हो.
मागे रांग. कुणी काही बोलत नाही,
आमच्याकडे न बोलणं फार मोठ्यानं ऐकू येतं.

मग वेइक्कानं बोट दाखवलं,
माझ्या पाठीकडे.
मी वाकलो होतो ना मघाशी, त्याचे बूट बांधायला.

हसल्या नाहीत मार्केत्ताबाई.
हातातलं यंत्र घेऊन गल्ल्यावरून ओणवल्या,
म्हणाल्या, "वळा जरा."
वळलो.
बीप.
एक युरो.

कारखान्यानं ऑगस्टात जे पत्र दिलं होतं,
त्यात इतकं थोडक्यात लिहिलं नव्हतं.

बल्बवाला म्हातारा तेवढा खोकला,
खोकला असावा बहुतेक.

परतीच्या वाटेवर वेइक्का झोपला, खिम्यावर डोकं ठेवून.
हिल्ला मागून म्हणाली, "बाबा, साठ टक्के गेले ना,
म्हणजे चाळीस उरले."
हो, म्हणालो.
"चाळीस पण पुष्कळ असतात," ती म्हणाली,
आणि गोळ्यांची पिशवी कानाशी हलवून
आत किती आहेत ते ऐकू लागली.

सहाला साईया रात्रपाळीवरून आली.
मी कोचावर तसाच, कोट घालून, भिंतीकडे तोंड करून.
थंडगार हात पाठीवर आला, थांबला.
पट्टी वाचत होती बहुतेक.
"तारीख कालची आहे," म्हणाली,
आणि बूट काढून शेजारी शिरत,
"सरक. चालेल अजून."