उलटं कर

तीन फॉन्ट उरलेत. सोमवारपर्यंत एक कळवायचाय.
मेनू, बटणं, घड्याळ, चुका झाल्याच्या सूचना
सगळं त्याच्यातच दिसणार.
ज्यांनी काहीच निवडलेलं नाही
त्यांच्यासाठी मी निवडायचं.

पहिल्यात उकार खालून कापले जातात.
‘पुसू का?’ विचारावं, तर
पडद्यावर उरतं ‘पस का?’

दुसरा देखणा. पण त्यातला ल आपल्याकडचा नाही,
‘सोलापूर’ लिहिलं की मधलं अक्षर
अनोळखी घरात बसल्यासारखं
अंग चोरून बसतं.
आणि ‘तिसऱ्या’मधला र
उडी मारून य-च्या डोक्यावर जातो.
तिसरी पाळी केलेल्या कुणालाही विचारा,
तो र डोक्यावर नसतो,
पापणीसारखा असतो, आडवा, अर्धा मिटलेला.

तिसरा साधा.
त्याच्याबद्दल लिहायला तीन आठवड्यांत
मला एक वाक्य सापडलेलं नाही.

रात्रीचे साडेदहा. अशोक चौकापलीकडे
लूम अजून चालू, आमची भिंत त्याच ठेक्यात थरथरते.
विड्यांचं सूप आवरून अम्मा झोपली.
नान्ना जागेच.
चादरींच्या नक्ष्या आलेखाच्या कागदावर
चौकोन चौकोन भरत
बत्तीस वर्षं घालवली त्यांनी, डोळेही घालवले.
शाळा तेलुगूत, तीही चौथीपर्यंत.
मराठी बोलतात धो धो, वाचतात अडखळत.

म्हटलं, यातलं बरं कोणतं?
चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी नाक पडद्याला लावलं.
‘उलटं कर.’
मी लॅपटॉप उलटा धरला.
कापडाचीही ते आधी पाठच बघतात.
मग नखानं दाखवू लागले:
‘इथं धागा तुटलाय. इथं. इथंपण.’
दुसऱ्या फॉन्टची शिरोरेघ
दर दोन अक्षरांमध्ये केसभर उसवलेली.
मी वाचत होते इतके दिवस,
म्हणून दिसली नव्हती.

‘हा घे.’ तिसऱ्यावर बोट.
‘याच्यात काही दिसत नाही. चांगलाय.’

फॉर्मवर एक रकाना आहे, निवडीचं कारण.
मी लिहिलं: रेघ अखंड, उकार शाबूत, ऱ्य बरोबर.
नखाचं लिहिलं नाही.

‘आणि ज्याला नाही आवडला?’
‘त्याला बदलता येतो.’
‘कुठनं?’
दाखवायला गेले. सेटिंग्ज, त्यात स्वरूप,
त्यात अक्षरं, मग खाली सरकत सरकत एक बाण,
बाणामागे अजून एक यादी,
ती उघडेपर्यंत लाइट जाऊन आली.
नान्ना बोटाची शेंगाचटणी चाटत बघत होते.
‘म्हणजे कोणी नाही बदलणार,’ म्हणाले,
आणि पडदा स्वतःच सरळ करून
चष्मा डोळ्यांवर ओढून
एकेक अक्षर लावायला लागले,
र… द्द… क… रा.