दोष आढळला नाही

फोनवर सगळे एकच सांगतात, एसी चालू होत नाही.
मी विचारते, चालू होत नाही म्हणजे
नेमकं काय काय होत नाही?
दिवा लागतो का. बीप येतो का.
वारा येतो पण गार येत नाही, असं आहे का.
पलीकडे चिडकी शांतता. मग,
अहो, चालू होत नाही म्हणजे चालू होत नाही.

नेरूळ, सेक्टर सोळा, एनएल टाइप, वरचा मजला.
मे महिना. जिन्याचा कठडासुद्धा चटका देतोय.
दार उघडून वाकनीस काका
माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिले.
मिस्त्री खाली गाडी लावतोय का?
मिस्त्री मीच, म्हटलं. आधी पाणी द्या.

तर पद्धत अशी.
बोर्डात एमसीबी वरच होता,
पाडून पुन्हा वर केला, नीट बसला.
रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबायचा,
डोळ्यांना न दिसणारा दिवा स्क्रीनवर जांभळा लुकलुकतो.
लुकलुकला. काकांनीही चार वेळा दाबून बघितला,
नातवाला दाखवायला हवं म्हणाले.
नातू कुठे असतो ते मी विचारलं नाही.
स्टॅबिलायझरवर दोनशे बावीस.
बाहेरचं युनिट उघडलं, ग्रिलमध्ये गुडघ्यांवर,
खालून इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास.
कपॅसिटर पस्तीसचा, भरला साडेतेहतीस. चालतो.
मुंग्या नाहीत. पाल नाही.
पाल गेल्या वर्षी सानपाड्यात निघाली होती,
बोर्डाला चिकटून पिंपळपानासारखी वाळलेली,
तिच्यापायी पाच माणसं आठवडाभर गच्चीत झोपली.

इथे सगळं ठीक. आणि एसी चालू होत नाही.

म्हटलं, काका, रोज लावता तसा लावा. मी नुसती बघते.

त्यांनी दाबला. बीप वाजला,
त्यांना ऐकू आला नाही, कानाचं यंत्र टीव्हीशेजारी पडलेलं.
पंखा फिरला. काका तळहात वर धरून उभे.
मिनिटभर. गार नाही. बंद.
पुन्हा चालू. सव्वा मिनिट. बंद.
पुन्हा.

कॉम्प्रेसर एकदा बसला की तीन मिनिटं दम खातो,
त्याआधी उठवला तर जळेल, म्हणून मशीनच त्याला उठू देत नाही.
काका दर खेपेला त्याला अर्ध्यात हाक मारत होते
आणि मोजणी पुन्हा एकपासून.

रिमोट मी माझ्या बॅगेत टाकला.
बसा, म्हटलं. त्यांनी यंत्र कानात घातलं आणि बसले.
तीन मिनिटांत काय बोलायचं असतं?
ते म्हणाले, मी न्हाव्याशेवाला होतो, बंदरात,
गार कंटेनरांची तापमानं लिहायला.
कोळंबी जपानला जायची. उणे अठरा.
दर चार तासांनी वही, एकवीस वर्षं.
एकदा उणे अकरा दिसलं तर मी
साहेबाला झोपेतून उठवला होता.
नंतर कळलं, काटाच अडकलेला.
हसले. हसता हसता थांबले.

खिडकीबाहेर खट्ट झालं. मग घरघर.
पडदा जरासा हलला. काका उठले नाहीत,
बसूनच तळहात वर केला.

व्हिजिटचे साडेतीनशे.
पण तुम्ही केलंत काय?
बिलात रकाना असतो, त्यात मी लिहिलं, दोष आढळला नाही.
त्यांनी ते दोनदा वाचलं, पावतीवर तारीख तपासली,
आणि खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं
खोलीचं तापमान लिहून ठेवलं.

रात्री दिघ्याला खोलीवर आले.
माझा टेबलफॅन बटण दाबून फिरत नाही,
नुसता गुणगुणतो.
जाळीतून कंगव्याचं टोक घालून पात्याला ढोसलं की
कुरकुरत सुरू होतो.
त्याचा कपॅसिटर सत्तर रुपयांना मिळतो.
बॅगेत चार पडलेत.