चार तासांचं अंतर

पांढरी गोळी, मोहरीपेक्षा जराशी मोठी,
पहाटे साडेपाचला, उपाशी पोटी.
मी ती सोयाच्या दुधाबरोबरच गिळायचे.
वेळ वाचायचा.

सुनेने पर्वरीहून अख्खा खोका आणला होता.
"आई, रात्री वाफा येतात ना, हे घ्या."
पाळी जाऊन सहा वर्षं झाली,
वाफा काही गेल्या नव्हत्या.
शिवाय भाजीत सोयाच्या वड्या,
सुक्या सुंगटांच्या जागी.
सुंगटांच्या!
म्हटलं, खोर्लीत कोणाला कळू नये.

रिपोर्टात आकडा साडेअकरा.
केस न्हाणीच्या जाळीत, आवाज घोगरा,
आणि एक थकवा, जो मी वयाच्या नावे लिहून ठेवला होता,
वीज खात्यात लिहायचे तशी
मागील बाकी.

डॉक्टर क्वाद्रुश मान वर न करता म्हणाले,
"गोळी कशाबरोबर घेता?"
हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.
"सोया काही वीष नाही, कुंदाबाय. खा.
पण दोघांची गाठ पडू देऊ नका.
चार तास मध्ये जाऊ देत."

म्हणजे अबोला धरलेल्या जावांसारखं.
एकीला पहिल्या पंगतीला बसवायचं,
दुसरीला शेवटच्या,
आणि आपण मधे वाढत राहायचं, हसतमुख.
हे मला येतं.

भिंतीवरच्या चित्रात गळ्याशी फुलपाखरू होतं.
मला ती तिसरी वाटली,
दोन शिंपांची,
चिखलात तोंड मिटून बसलेली.
जन्मभर खाडीचं खाल्लं,
आणि खाडी गळ्याशीच येऊन रुसली.

आता गोळी, पाणी, आणि पुढे काही नाही.
पोदेर भोंपू वाजवत येतो,
पाव घेते, खात नाही अजून,
पिशवीतून ऊब मांडीला लागते.
छत्तीस वर्षं एका हाताने फोडणी
नि दुसऱ्याने कोणाची तरी वेणी,
आता हे हात सोप्यावर नुसते पडलेले,
पाहुण्यांनी विसरलेल्या छत्र्यांसारखे.

पलीकडून आर्सेनिया विचारते,
"कोणाची वाट पळयता गो?"
"कोणाचीच नाही. गोळी विरघळते आहे."

"म्हजीय," ती म्हणते,
आणि कुंपणाची काठी सरकवून येऊन बसते.

दुधाला अजून बराच अवकाश आहे.
दोन बायका, भर सकाळी,
काहीही न करता,
रस्त्यावरून दिसतील अशा.