करंगळी

खडकीला, कारखान्याच्या भिंतीमागं
चुन्याच्या रेषा आम्हीच ओढायचो.
मुदलियार सर म्हणायचे,
"चेंडू पकडू नको. नुसतं विचार, कुठं जायचंय."

अकरा वर्षं विचारलं.
लखनौ, कोट्टायम,
मग बालेवाडीची लाकडी फरशी,
जिथं पहिल्यांदाच गुडघ्याला माती लागली नाही
आणि घरी येऊन मी उगाच पाय धुतले.

फोटोत कायम फिलोमिना,
हवेत, हात उगारलेला.
कडेला माझं कोपर.
तिची उडी मला पाठमोरी कळायची,
बुटांच्या किरकिरीवरून.

करंगळी दोनदा निखळली.
दुसऱ्या वेळी चिकटपट्टी गुंडाळून
सेट पुरा केला.
हरलो. पंधरा-तेरा.
कुणी विचारत नाही, म्हणून सांगते.

आता शिवाजीनगर स्टेशन, खिडकी नंबर तीन.
नोटा मोजताना बाकीची बोटं मिटतात,
ही एकटी ताठ,
बड्या घरच्या बाईनं कप धरावा तशी.
परवा एकजण हसला,
"मॅडम, भलत्याच नाजूक हो तुम्ही."

लोणावळ्याचं रिटर्न होतं त्याचं.
दिलं.
बोटांच्या टोकांनी,
अलगद,
त्याच्या हाताच्या जरा वर.