एंत मंदी?

हवाई दलात जनरल नसतो,
हे त्यानं साखर पेठेला तीनदा सांगून पाहिलं.
एअर मार्शल, म्हणाला.
पेठेनं ऐकून घेतलं, चहा पाजला,
आणि मंडळाच्या फलकावर रंगवलं:
जनरल राजलिंगम म्याकल, वीरचक्र. आपला माणूस.

माझा थोरला भाऊ.
दहाव्या वर्षी माझ्या शेजारी बसून कांड्या भरायचा,
सुटलेला धागा अंधारात बोटांनी शोधायचा.
लाइट गेली तरी हात थांबत नसे.
भरतीच्या वेळी म्हणे साहेबानं विचारलं,
रात्री उडायला भीती नाही वाटणार?
हा म्हणाला, आमच्या घरी एकच बल्ब आहे, सर.

एकाहत्तरचा डिसेंबर. कॅनबेरा.
विमानात दोघंच, हा आणि दिशा सांगणारा कुरियन.
आठ रात्री, आठ फेऱ्या.
समुद्रावरून इतकं खाली की काचेवर मीठ बसायचं,
मग एकदम वर, पोटाची दारं उघडायची
आणि विमान हलकं व्हायचं.
हलकं. हा शब्द तो अजून हळू उच्चारतो.
खाली नारिंगी काहीतरी उमलायचं,
पण इंजिनांपलीकडचं काही ऐकू येत नाही;
वरून, म्हणाला, जळणारं सगळं मुकं असतं.
पाचव्या रात्री उजवं इंजिन गेलं,
कुरियनच्या मांडीत लोखंड घुसलं,
तरी तो नकाशावर बोट ठेवून आकडे सांगत राहिला.
एका इंजिनावर हा परत आला, उतरला.
पदक त्या उतरण्याचं.

पदक घेऊन घरी आला तेव्हा
अम्मा तांदूळ निवडत होती.
सुताची लडी तोलावी तसं तिनं ते तळहातावर तोललं.
तिन्नावा? आधी हेच. जेवलास का.
मग सुपातली नजर न काढता:
एंत मंदी?
किती माणसं.
टाक्या होत्या अम्मा, तो म्हणाला, तेलाच्या टाक्या.
टाक्यांना राखणदार असतात की रे.
बाहेर ताशा वाजत होता.
हार घेऊन माणसं खोळंबली होती.

पुढचं पोस्टकार्डांवरून कळलं तेवढं.
स्क्वाड्रन, स्टेशन, मग दिल्लीत भिंतभर नकाशा.
खांद्यावरच्या पट्ट्या रुंद होत गेल्या, मजकूर अरुंद.
अम्मा गेली तेव्हा कुठल्याशा सीमेवर तणाव होता.
दहाव्याला पोचला, गणवेशातच,
आणि बंद पडलेल्या मागापाशी बसून
धोटा या हातातून त्या हातात करत राहिला.
बाहेर सरकारी ड्रायव्हर गाडी चालू ठेवून थांबलेला.

यंदा फेब्रुवारीत गिरणीची चिमणी पाडली.
ब्याऐंशीच्या जनरलसाहेबांना पहिल्या रांगेत खुर्ची.
बटण तुमच्या हस्ते, म्हणाले.
त्यानं हात मागे घेतला.
कंत्राटदाराच्या पोरानं दाबलं.

बुडाशी धूळ उमलली.
चिमणी क्षणभर तशीच उभी,
तिला कुणी सांगितलंच नसावं.
मग आवाज.
पोटात, दातांत, खुर्चीच्या पत्र्यात.
कबुतरं उठली, कुत्री, कुणाचं तरी तान्हं.
पोरांनी शिट्ट्या मारल्या.
माझं मनगट त्यानं घट्ट धरलं होतं.
असा असतो होय, म्हणाला.
साठ वर्षांत प्रथमच पेठेतल्या बोलीत:
असा असतो बे.

रात्री बाहीवरची विटांची धूळ झटकू देईना.
कडक भाकरी, शेंगाचटणी वाढली.
तिन्नावा? विचारलं मी, ताट तसंच बघून,
आणि आवाज अम्मासारखा निघाला, मलाच दचकायला झालं.
तो बोटं मोजत होता.
दोन्ही हातांची संपली.
मग पुन्हा अंगठ्यापासून.