गाळलेलं पाणी

कागदावर लिहिलंय: तीन दिवस
बिया नाहीत, साली नाहीत,
शेंगदाणा नाही, लाल सरबत नाही.
आणि मी वखारभागात कढईपुढं बसून
भडंगाचे शेंगदाणेच तळतेय.
चव बघायची नाही, त्यामुळं मिठाचा अंदाज चुकतो.
दिलशाद चाखते, मान हलवते.
लसणाची कढई तिची, बिनलसणाची माझी,
एकोणीस वर्षं असंच चाललंय.

डॉक्टर माझ्या धाकट्याएवढा.
विचारत होता, रंग कसा? रक्त दिसतं का? कितीदा?
मी भिंतीवरच्या चित्राकडं बघत राहिले:
पोट उघडून उभा असलेला माणूस,
आत आतडी, वाळत घातलेल्या कुरडयांसारखी.
चुरमुरा मी नुसत्या आवाजावरून सांगते,
ओला, कालचा, कुठल्या भट्टीचा.
ह्याला माझ्याकडं शब्द नव्हता.
आमच्यात ‘जाऊन येते’ म्हणतात
आणि तेवढ्यावर भागतं.

अण्णांना ‘पोटाचं’ होतं.
पोटाचं म्हणजे काय, ते घरात शेवटपर्यंत
कुणी उच्चारलं नाही.
आई पहाटे अंधारात पांघरुणं धुवायची,
दोरीवर टाकताना आमच्याकडं पाठ.
मी नववीत होते.

पुडीवर लिंबाचं चित्र. चव मात्र
मिठाच्या गोणीत साबण विसरावा तशी.
दोन लिटर पाणी आधी फडक्यानं गाळलं,
तेवढं मी सोडलं नाही.
पण पहिला पेला सात वाजता,
आणि सूर्य पावणेसातालाच गेलेला.
एकतीस वर्षांत दिवस मावळल्यावर
घशाखाली थेंब नाही.
दशलक्षणाचे दहा उपास मी दोनदा काढलेत,
मला कुणी सांगावं उपाशी राहणं!
मंदिरात फोन केला तर उपाध्ये म्हणाले,
‘औषध आहे ते, आजी, घ्या.’
आजी.
णमोकार म्हटला, नाक दाबलं, प्याले.

नऊपर्यंत काहीच नाही.
वाटलं, पोटही माझ्यासारखंच हट्टी.
सव्वानऊला सुरू झालं ते
अकराव्या खेपेनंतर मोजायचं सोडलं.
मधेच हडपसरहून पोराचा फोन,
‘आलो असतो गं, पण मार्च एंड आहे.’
ठेव म्हटलं, मला जायचंय.
खरंच जायचं होतं.

पहाटे चारला दुसरा लिटर.
कागद म्हणतो, पाणी पिवळसर, साफ येईपर्यंत.
म्हणजे बघायचं.
मोबाइलचा उजेड पाडला आणि बघितलं,
वाकून, चुरमुऱ्यातला खडा शोधावा तसं.
बासष्टाव्या वर्षी.
अण्णांचं तेव्हा कुणीतरी असं बघायला हवं होतं,
मनात आलं,
आणि तिथंच थांबले,
हातातला उजेड तसाच.
आईनं बघितलं होतं.
रोज.
तिनं एकटीनंच.

सातला दिलशाद रिक्षा घेऊन आली.
मिरज रोडच्या प्रत्येक खड्ड्याला
मी श्वास धरून बसले,
ती रिक्षावाल्याला ओरडत होती,
‘अंडी हाईत समज मागं!’

‘त्रिशला मगदूम? बरोबर कोण?’
‘मी,’ दिलशाद म्हणाली.
‘नातं?’
दोघी गप्प. सिस्टरचं पेन थांबलेलं.
‘लिहा काहीबी,’ दिलशाद म्हणाली, ‘सही मी करते.’
‘शेवटचं कसं झालं?’
‘हळदीच्या पाण्यासारखं,’ मी म्हणाले, मोठ्यानं,
बाकावरची चार माणसं ऐकत असताना.
‘तळ दिसत होता.’
‘छान,’ सिस्टर म्हणाली, आणि लिहून घेतलं.
ह्या गोष्टीला छान म्हणणारं
मला पहिल्यांदाच कुणी भेटलं.

बांगड्या दिलशादच्या पिशवीत.
मागून उघडा हिरवा झगा.
पडद्याबाहेरून तिचा आवाज,
‘कवठ्याची ऑर्डर, ताई, लसणाची का बिनलसणाची?’
‘दोन्ही कर,’ मी म्हणाले.
पाठीमागच्या नाड्या
काही केल्या हाताला लागत नव्हत्या.