मैत्रीपूर्ण

मुनीरभाईच्या सायकल दुकानात
टायरांच्या माळेखाली टीव्ही लावलाय.
खडकी बाजारातली बाकीची शटरं पडलीत,
आमचं अर्धं.
समोर एक बेट, ज्याचं नाव
पीटरला तीनदा अडखळल्यावर जमलं,
आणि ज्याची वस्ती, नाईकबाई सांगतात,
आपल्या पिंपळे गुरवपेक्षा कमी.

मैत्रीपूर्ण सामना.
म्हणजे हरलं तरी काही जात नाही म्हणे.
आमचं जातंच दर वेळी काहीतरी,
काय ते घरी गेल्यावर सापडत नाही.

पाऊण तास चेंडू आमच्याच अर्ध्यात,
वर्गणीच्या डब्यासारखा:
ज्याच्याकडे येतो
तो घाईनं शेजाऱ्याकडे सरकवतो.
कोच रेषेवर उभा,
पीएमटीची वाट बघावी तसा.
'अरे चेंडू आहे तो, पेटलेली शेगडी नाही!'
नाईकबाई ओरडल्या. शाळेत पीटी शिकवतात,
आवाज तीन मैदानं ओलांडतो.
पीटरनं तमिळमध्ये शिवी दिली,
मग सगळ्यांना कळावी म्हणून मराठीत.
शिव्या देताना बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.
संघ अकरा परक्यांचा होता तोवर.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला पाटी वर गेली. एकोणीस.
अश्वजित. आमच्या दापोडीचा.
बारा वर्षांचा होता तेव्हा मी त्याला
एकाच सामन्यात तीनदा ऑफसाइड दिला होता.
रडला नाही, भांडला नाही.
सामना संपल्यावर येऊन विचारलं,
'किती होतो, सर?'
मी हातानं दाखवलं, एवढा.
मान हलवून गेला.

त्याचा बाप, तुळशीदास ओव्हाळ,
ग्रीसच्या उपड्या डब्यावर बसलेला.
दारूगोळा कारखान्याच्या संघाचा जुना गोलकीपर,
दोन बोटं अजून वाकडी.
पाटी वर गेली तेव्हा
त्यानं फक्त चपला काढून ठेवल्या.

एकोणनव्वदावं मिनिट.
साधा पास, शाळेतलं पोर अडवेल असा.
पाय चेंडूवरून गेला
आणि चेंडू पायाखालून.
त्यांच्या दहा नंबरनं तो उचलला,
तिरका दिला,
नऊ नंबरनं नुसता पाय लावला.

दुकानात
पंक्चर शोधताना बादलीत बुडबुडे येतात,
तेवढाही आवाज नाही.
घटकेपूर्वी ज्यांना दहा जणांच्या आया-बहिणी पाठ होत्या
त्यांना अकरावा सापडेना.

मग पीटर माझ्याकडे वळला.
'ऑफसाइड होता ना रे तो नऊ?'
सगळेच वळले.
एकवीस वर्षं कडेला झेंडा धरतोय मी.
घोरपडीत दगड खाल्लाय,
भावाच्या संघाचा गोल नाकारलाय,
वहिनी दिवाळीला अजून ते काढते.
'होता,' म्हणालो. 'हातभर होता.'

रीप्ले आला.
तुळशीदास बघत राहिला.
'नव्हता रे,' म्हणाला, माझ्याकडे न बघता.
'आणि तुला दिसलंय.'

मुनीरभाई सावरायला धावले.
'गवत ओलं असणार. हल्ली सामन्याआधी पाणी मारतात.'
झालं, सगळ्यांनी ते गवत धरलं.
किती ओलं, कुणी मारलं, का मारलं,
बेटावरच्या लोकांना सवय असते पाण्याची.
नाईकबाईंनी स्टडच्या उंचीवर भाषण दिलं.
पाचच मिनिटांत मैदानाचा तलाव झाला
आणि आमचा पोरगा त्यात पोहत होता, निर्दोष.

पावणेबाराला तुळशीदासचा फोन वाजला.
जेवलास का, विचारलं नाही.
'स्टड कुठले होते?' म्हणाला.
मग, 'गवत ओलं होतं का?'
बराच वेळ ऐकत राहिला,
वाकड्या बोटांनी चपलेचा अंगठा सारखा करत.
फोन खिशात गेला.

'कोरडं होतं म्हणतो.'

एवढंच. चहाचे पैसेही त्यानंच दिले,
कुणी अडवलं नाही.
मी उजवा हात, झेंड्याचा,
मांडीखाली दाबून बसलो होतो.